वाचकांचे प्रश्न : गणित सुटले, पण शाफ्ट टिकेल का?

यंत्रघटकांच्या डिझाइनचा विषय सुरू झाला, की मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांच्या पत्रांचा सूर बदलतो. त्याआधीच्या वर्षात ‘गणित सुटत नाही’ अशी तक्रार असते. आता ‘गणित सुटले, पण उत्तर बरोबर आहे हे ओळखायचे कसे’ अशी विचारणा होऊ लागते. ही प्रगतीच आहे, असे आम्हांला वाटते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. वर्गात ज्याला स्ट्रेस (धातूच्या आत दर क्षेत्रफळामागे पडणारे बल) म्हणतात त्याला पुढे सर्वत्र ‘ताण’ असे म्हटले आहे. बाकीचे शब्द वर्गात आणि वर्कशॉपमध्ये चालतात तेच ठेवले आहेत.

प्रश्न : स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये मला उत्तम गुण होते. डिझाइनच्या तासाला मात्र प्राध्यापक प्रत्येक उदाहरणात ‘समजा’ म्हणून सुरुवात करतात. मी आणि माझ्या मैत्रिणीने एकच उदाहरण सोडवले. तिचा व्यास २८ मिमी आला, माझा ३२ मिमी, आणि दोघींनाही पूर्ण गुण मिळाले. मग बरोबर कोणाचे?

उत्तर : दोघींचेही. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये तुकडा हातात दिलेला असतो आणि त्यातला ताण काढायचा असतो. डिझाइनमध्ये भार हातात असतो आणि तुकडा काढायचा असतो. दिशा उलटली, की अज्ञात राशींची संख्या समीकरणांपेक्षा जास्त होते आणि उरलेल्या राशी तुम्हांलाच ठरवाव्या लागतात. पायऱ्यांच्या शाफ्टचेच, म्हणजे टप्प्याटप्प्याने व्यास बदलणाऱ्या फिरत्या दांड्याचेच, पाहा. पायरीपाशी ताण किती पटींनी वाढेल हे दोन व्यासांच्या गुणोत्तरावर आणि कोपऱ्याच्या गोलाईवर अवलंबून असते, आणि व्यास तर अजून काढायचाच असतो. म्हणून आधी एक व्यास गृहीत धरायचा, तपासायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा तपासायचा. यात लबाडी काहीच नाही. कामाची रीतच अशी आहे. तुमची आणि मैत्रिणीची गृहीतके वेगळी होती, दोघींनी ती लिहून दाखवली आणि शेवटपर्यंत पाळली, म्हणून दोघींना गुण मिळाले.

मात्र ‘समजा’ म्हणण्यालाही क्रम असतो, आणि तो बहुतेक विद्यार्थी उलटा लावतात. ते आधी सूत्र शोधतात. आमचा आग्रह असा, की सूत्र लिहिण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहावे : हा भाग निकामी होईल तो कसा होईल? स्क्रू जॅकचा स्क्रू आखूड असेल तर दाबाने चेपण्याची तपासणी पुरते. तोच स्क्रू लांब केला, की तो चेपण्याआधीच बाजूला वाकून सटकतो. गणिती ऑयलरने १७४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार लांबी दुप्पट केली, तर ज्या भाराला तो वाकेल तो भार एक-चतुर्थांशावर येतो. धातू तोच आणि व्यासही तोच असताना सूत्र बदलले, कारण निकामी होण्याची तऱ्हा बदलली.

लेथच्या स्पिंडलची, म्हणजे कापायचा तुकडा (जॉब) फिरवणाऱ्या दांड्याची, गोष्ट आणखी वेगळी आहे. तो सहसा मोडत नाही. तो किंचित वाकला तरी जॉब बिघडतो, म्हणून त्याचा व्यास कडकपणावरून ठरतो. अशा वेळी ‘अधिक मजबूत पोलाद घेऊ’ हा उपाय फुकट जातो, कारण साधे पोलाद काय आणि महाग मिश्रपोलाद काय, दोघांचाही यंग मापांक (कडकपणाचे माप) २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. मजबुती विकत घेता येते, पण पोलादाचा कडकपणा वाढवायचा तर आकारच बदलावा लागतो.

प्रश्न : फिरत्या शाफ्टचे उदाहरण मी यील्ड स्ट्रेंग्थवरून, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो त्यावरून, सोडवले. साडेसात किलोवॅट, मिनिटाला १४४० फेरे, पायरीपाशी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) १२० न्यूटन-मीटर, व्यास २५ मिमी. पोलादाची टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटण्याआधीचा कमाल ताण) ६५० आणि यील्ड ३८० मेगापास्कल. फॅक्टर ऑफ सेफ्टी (ताकद भागिले प्रत्यक्ष ताण) साडेचारच्या वर आला, तरी सरांनी ‘चालणार नाही’ असा शेरा मारला. साडेचारपट ताकद असलेला शाफ्ट मोडेल तरी कसा?

उत्तर : तुमची आकडेमोड आम्ही पुन्हा करून पाहिली, ती बरोबर आहे. टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळणारा जोर, सुमारे ५० न्यूटन-मीटर येतो. २५ मिमी व्यासाला वाकण्याचा ताण ७८ मेगापास्कल आणि पिळाचा ताण १६ मेगापास्कल येतो. फॉन मिझेसच्या रीतीने दोन्ही एकत्र केले तर ८३ मेगापास्कल. ३८० ला ८३ ने भागले, की ४.६ मिळतात. हा शाफ्ट स्थिर उभा असता आणि भार एकदाच आला असता, तर सरांनी शेरा मारला नसता.

पण तो फिरतो. पट्ट्याची ओढ खाली असेल, तर शाफ्टच्या पृष्ठभागावरचा एखादा ठिपका एका क्षणी वरच्या बाजूला असतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर खालच्या. एका बाजूला असताना तो ओढला जातो, दुसऱ्या बाजूला असताना दाबला जातो. म्हणजे भार तिळभर न बदलताही त्या ठिपक्याला प्रत्येक फेऱ्यात अधिक ७८ आणि उणे ७८ मेगापास्कल सोसावे लागतात. १४४० फेऱ्यांच्या गतीने अशी दहा लाख आवर्तने बारा तासांच्या आतच पुरी होतात. धातू एका झटक्यात जेवढे सोसतो तेवढे लाखो वेळा सोसत नाही. यालाच फटीग म्हणतात.

आता तोच शाफ्ट फटीगच्या अंगाने पाहू. घासून गुळगुळीत केलेल्या लहान प्रयोगनमुन्याची सहनमर्यादा, म्हणजे कितीही आवर्तने झाली तरी सोसता येणारा ताण, टेन्साइल स्ट्रेंग्थच्या निम्मी, म्हणजे ३२५ मेगापास्कल धरतात. तुमचा शाफ्ट हा प्रयोगनमुना नव्हे. लेथवर कापलेल्या पृष्ठभागासाठी सुमारे ०.८१, २५ मिमी आकारासाठी ०.८८ आणि ९९ टक्के विश्वासार्हतेसाठी ०.८१ या गुणकांनी गुणले, की मर्यादा १८८ मेगापास्कलवर उतरते. दुसऱ्या बाजूला पायरीच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो. कोपऱ्याची गोलाई, जिला आपण फिलेट म्हणतो, बरी असेल असे मानून १.८ हा गुणक घेतला, तर ७८ चे १४१ होतात. पिळाचा ताण एकाच दिशेने टिकून राहतो आणि धातू तन्य (तुटण्याआधी ताणला जाणारा) आहे, म्हणून त्याला हा गुणक लावलेला नाही. त्याचा समतुल्य ताण २८ मेगापास्कल. चढउताराचा आणि स्थिर ताण एकत्र तपासणाऱ्या गुडमनच्या रेषेत १४१ भागिले १८८ अधिक २८ भागिले ६५० म्हणजे ०.७९, आणि त्याचा व्यस्त १.२६. साडेचारचा दिलासा सव्वावर आला!

एवढ्यावर भागत नाही. ड्रॉइंगवर फिलेटची त्रिज्या लिहायची राहून गेली आणि टर्नरने अणकुचीदार टूलने कोपरा काटकोनात कापला, तर तोच गुणक २.५ च्या घरात जाऊ शकतो. तो घालून पाहा : उत्तर ०.९२ येते, म्हणजे शाफ्ट जाणारच. २५ मिमी व्यास, तेच पोलाद, तोच भार; फरक फक्त कोपऱ्यातल्या मिलिमीटरभर गोलाईचा. उलट फिलेट चांगले ठेवून व्यास ३० मिमी केला, तर फॅक्टर २.१ च्या आसपास जातो. यातले कुठले आकडे कुठून आले हे डेटा बुक, म्हणजे डिझाइनच्या तक्त्यांचे पुस्तक, उघडून स्वतः ताडून पाहा. या एका उदाहरणात अर्ध्या सत्राचा अभ्यासक्रम आहे.

ही गोष्ट अभियंत्यांना सहजासहजी कळलेली नाही. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हादऱ्यांमुळे लोखंड आतून स्फटिकमय होते आणि ठिसूळ बनते, अशी त्या काळी समजूत होती. तरुण स्कॉटिश अभियंता रँकिन याने मोडलेल्या आसांचे निरीक्षण करून भेग तीक्ष्ण कोपऱ्यापासून हळूहळू आत सरकते, असे मांडले आणि तेथे गोलाई देण्याचा सल्ला दिला. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलरने १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि सर्वोच्च ताणापेक्षा ताणाचा चढउतार अधिक घातक असतो, हे दाखवून दिले. आज तुम्ही जो एस-एन आलेख (ताण आणि तो किती आवर्तने सोसला जातो यांचा) काढता, त्याला अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मोडका शाफ्ट पडलेला असेल, तर त्याचे तोंड उजेडात धरून पाहा. कडेच्या एखाद्या बिंदूपासून शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वक्ररेषा आत पसरलेल्या दिसतील. तो भाग घासून गुळगुळीत झालेला असतो, कारण भेगेची दोन्ही तोंडे कितीतरी दिवस एकमेकांवर आपटत होती. उरलेला लहानसा तुकडा खरखरीत असतो, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. रेषांच्या मुळाशी बोट नेले, की ते बहुधा कीच्या (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या पाचरीच्या) खाचेच्या कोपऱ्यावर किंवा पायरीवर जाऊन थांबते.

प्रश्न : फॅक्टर ऑफ सेफ्टी कधी २, कधी ४, कधी ८ घ्यायला सांगतात. हा आकडा येतो कुठून? शंका असेल तेव्हा सरळ मोठा आकडा घेतला तर काय बिघडेल?

उत्तर : आपल्याला काय माहीत नाही, याची किंमत म्हणजे हा आकडा. भार नेमका माहीत आहे का, धातूच्या गुणधर्मांची खात्री आहे का, वापरलेले सूत्र खऱ्या आकाराला कितपत लागू पडते आणि भाग मोडलाच तर कोणाचे काय होईल, या चार प्रश्नांवर तो ठरतो. तन्य पोलाद, स्थिर आणि ठाऊक असलेला भार असेल तर यील्डवर दीड ते दोन पुरतात. ओतीव लोखंड सूचना न देता तडकते, म्हणून तेथे टेन्साइल स्ट्रेंग्थवर तीन ते पाच घेतात. माणसांच्या लिफ्टच्या दोरांना साधारण ८ ते १२ लागतात. याउलट विमानाच्या सांगाड्यासाठी अपेक्षित कमाल भारावर फक्त दीडपट धरण्याची रीत आहे. विमान अधिक सुरक्षित असते म्हणून हा आकडा लहान, असे समजू नका. तेथे भार मोजलेले असतात, धातूची प्रत तपासलेली असते, ठरावीक तासांनी पाहणी होते, आणि फॅक्टर वाढवला तर विमान स्वतःचेच वजन उचलत बसेल.

शंका आली, की मोठा आकडा घ्यावा, हा आळशी उपाय आहे आणि तो कधी कधी उलटतो. जाड केलेला फिरता भाग अधिक वजनाचा होतो, त्याची जडता वाढते, बेअरिंगवरचा भार वाढतो. शिवाय काही भाग मुद्दाम दुबळे ठेवायचे असतात. शिअर पिन जादा भाराला तुटावी म्हणूनच असते. गिअर आणि शाफ्ट यांना जोडणारी की शाफ्टच्या आधी जावी, अशीच तिची योजना करतात, कारण ती बदलणे स्वस्त आणि शाफ्ट बदलणे महाग. तेथे ‘सुरक्षिततेसाठी’ कठीण पोलादाची की घालणारा विद्यार्थी सर्वांत महागड्या भागाला पुढे करतो.

एक बाब सरांना विचारायची नसते, स्वतःच लिहायची असते : हा फॅक्टर कशावर लावला आहे? यील्डवर, टेन्साइलवर की सहनमर्यादेवर? वरच्या प्रश्नातले ४.६ आणि १.२६ हे एकाच शाफ्टचे फॅक्टर आहेत.

प्रश्न : बोल्टच्या प्रकरणात प्रीलोड हा भाग मला पटत नाही. बोल्ट आवळला, की त्यात आधीच ताण येतो. वर यंत्राचा भार आला, की तो त्यात मिळवला जाणार. मग न आवळलेला बोल्ट अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर : हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी आम्ही आनंदाने उत्तर देतो, कारण येथे सरळ बेरीज चुकते. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे, आणि त्याने दाबून धरलेल्या प्लेटा ही तिच्याहून कितीतरी ताठ अशी दुसरी स्प्रिंग. बाहेरून ओढ आली, की तिचा मोठा भाग प्लेटांवरचा दाब सैल करण्यात खर्च होतो. बोल्टच्या वाट्याला थोडाच येतो. हा वाटा बोल्टचा कडकपणा भागिले दोघांच्या कडकपणाची बेरीज एवढा असतो.

८.८ दर्जाचा एम-१० (१० मिमी व्यासाचा) बोल्ट घ्या. त्याचे ताण सोसणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी. तो २५ किलोन्यूटनपर्यंत आवळला आणि बोल्टचा वाटा ०.२ आहे असे धरू. यंत्राची ओढ ० ते १० किलोन्यूटन अशी सतत खालीवर होते. बोल्टमधले बल २५ वरून २७ वर जाते आणि परत येते. प्लेटांवर ८ किलोन्यूटनचा दाब कमी होतो, पण १७ शिल्लक राहतात, म्हणून जोड उघडत नाही. बोल्टच्या ताणाचा चढउतार मधल्या रेषेच्या वरखाली जेमतेम १७ मेगापास्कल. आता तोच बोल्ट हाताने नुसता टेकवून ठेवा. पूर्ण १० किलोन्यूटन त्याच्यावरच येतील आणि चढउतार ८६ मेगापास्कल होईल. सरासरी बल कमी असूनही फटीगने जाईल तो हाच बोल्ट. व्होलरने जे आसांवर पाहिले, तेच येथे बोल्टवर लागू पडते.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. २५ किलोन्यूटन प्रीलोडसाठी टॉर्क सुमारे ०.२ गुणिले बल गुणिले व्यास, म्हणजे ५० न्यूटन-मीटर लागतो, असे आपण वहीत लिहितो. प्रत्यक्षात पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि बराचसा आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला एक-दशांशच उरतो. आट्यांना तेल लागले आहे की नाही, एवढ्यावरून प्रीलोड बराच बदलतो. म्हणून टॉर्क पाना वापरूनही पंचवीस-तीस टक्क्यांची तफावत गृहीत धरावी लागते.

प्रश्न : शाफ्टचा व्यास २७.३ मिमी आला, तर सर ३० लिहायला सांगतात. जवळचा पूर्णांक तर २७ आहे! शिवाय डेटा बुकमधले आकार १०, १२.५, १६, २०, २५, ३१.५ असे विचित्र का असतात?

उत्तर : २७ घेतले तर तुम्ही स्वतःच काढलेल्या सुरक्षित मर्यादेच्या खाली गेलात, येथे गणिती पूर्णांकाचा नियम चालत नाही, वरच जावे लागते. २८ का नाही, तर शाफ्टचा तो भाग बेअरिंगमध्ये बसायचा असेल म्हणून. २० मिमीपासून पुढे नेहमीच्या बेअरिंगांचे भोक पाच-पाच मिलिमीटरने वाढते. बेअरिंगवर ६२०६ लिहिलेले असेल, तर शेवटच्या ०६ ला पाचने गुणा : भोक ३० मिमी. २८ चा शाफ्ट तुम्ही टर्न करून घ्याल, पण त्याला बसणारे बेअरिंग कपाटात सहसा सापडणार नाही. जिथे बेअरिंग नाही तिथे २८ बिनदिक्कत ठेवा.

तो विचित्र क्रम रेनार्ड श्रेणीचा आहे. शार्ल रेनार्ड हा फ्रेंच सैन्यातला अभियंता होता. १८७० च्या दशकात त्याने बलूनच्या दोरांचे ४२५ वेगवेगळे आकार कमी करून १७ वर आणले, आणि त्यासाठी भूमितीय श्रेणी वापरली. तुम्ही दिलेल्या क्रमात प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या सुमारे सव्वापट आहे, म्हणून दहा पावलांत १० चे १०० होतात. प्रत्येक पायरीत टक्केवारीची वाढ सारखी राहते आणि कमी आकारांत जास्त गरजा भागतात.

डेटा बुकविषयी तीन पत्रे आली आहेत. त्यांचेही येथेच उरकतो. डेटा बुक पाठ करायचे नसते, पण त्यात काय कुठे आहे हे बोटांना माहीत असले पाहिजे. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांतली टीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. गुणक एकूण क्षेत्रावरच्या ताणासाठी आहे की भोक वजा केलेल्या क्षेत्रावरच्या, हे तेथेच लिहिलेले असते, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण तेथेच जातात.

प्रश्न : बेअरिंगचे आयुष्य १०,००० तास काढले. म्हणजे ते १०,००० तास नक्की चालेल ना?

उत्तर : नाही. त्याच भारावर आणि त्याच गतीवर चालणाऱ्या अशा शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तेवढे तास पार करतील, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. दहा आधी जातील आणि त्यांतले तुमचे कोणते, हे कोणी सांगू शकत नाही. बॉल बेअरिंगमध्ये आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते : भार २६ टक्के वाढला, की आयुष्य निम्मे होते, आणि भार दुप्पट झाला, की एक-अष्टमांश. पट्टा वाजवीपेक्षा घट्ट ओढणाऱ्याला हे ठाऊक नसते.

प्रश्न : भागाचे लहान लहान तुकडे पाडून ताण काढणारे फायनाइट एलिमेंटचे सॉफ्टवेअर काही मिनिटांत ताणाचा रंगीत नकाशा देते. मग हाताने सूत्रे सोडवण्यात सत्र का घालवायचे? आणि दुसरे, मी मेश (त्या तुकड्यांची जाळी) जितके बारीक करतो तितका कोपऱ्यातला ताण वाढतच जातो. माझे कुठे चुकते?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. तुम्ही मॉडेलमध्ये आतला कोपरा धारदार ठेवला आहे. गोलाई शून्य असलेल्या अशा कोपऱ्यात लवचिक सिद्धांतानुसार ताण अनंताकडे जातो, म्हणून मेश बारीक केले, की आकडा वाढणार आणि वाढतच राहणार. सॉफ्टवेअर चुकलेले नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकला आहे. खरे फिलेट घाला, म्हणजे मेश बारीक करत गेल्यावर आकडा एका ठिकाणी स्थिर होईल. हे ओळखण्यासाठी कोपऱ्याची गोलाई ताणाला काय करते हे आधी हाताने केलेले असावे लागते.

सॉफ्टवेअरला आमचा विरोध नाही. वाकड्यातिकड्या हाउसिंगचा ताण सूत्राने काढायला सांगणे हा छळ आहे. पण रंगीत नकाशा पाहण्याआधी दोन गोष्टी कागदावर करा. आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराएवढी येते का, आणि साध्या बीमचे सूत्र लावून निघणारे वाकणे सॉफ्टवेअरच्या उत्तराच्या आसपास आहे का? दहापट फरक असेल तर बहुधा एकके बिघडली आहेत किंवा आधार चुकीचे लावले आहेत. बेअरिंगच्या जागी शाफ्ट पूर्ण जखडून टाकणे ही त्यांतली नेहमीची चूक; नेहमीचे खोल खाचेचे बॉल बेअरिंग शाफ्टला किंचित तिरके होऊ देते, आणि तुमचे मॉडेल देत नाही. शिवाय सामान्य स्थिर विश्लेषण फॉन मिझेस ताण दाखवून थांबते. तो ताण दिवसात एकदा येतो की मिनिटाला १४४० वेळा, हे त्याला तुम्ही सांगितलेलेच नसते.

प्रश्न : डिझाइन प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सर्व आकडे बरोबर असूनही परीक्षकांनी ‘हे जुळेल कसे?’ एवढेच विचारले आणि मला उत्तर आले नाही. त्यांना काय अपेक्षित होते?

उत्तर : तुमचे दुःख आम्हांला आतून कळते. प्रस्तुत उत्तरकर्त्याने विद्यार्थिदशेत गिअरबॉक्सचे एक देखणे ड्रॉइंग काढले होते. ताण तपासलेले, वाकणे तपासलेले, बेअरिंगचे आयुष्य काढलेले. परीक्षकांनी पेन्सिलीचे टोक मधल्या बेअरिंगवर ठेवले आणि विचारले, ‘हे येथे आले कुठून?’ बेअरिंगच्या डाव्या बाजूला शाफ्टची मोठी पायरी होती, आणि उजव्या बाजूलाही. आतली रिंग दोन्हींकडून सरकवता येत नव्हती. ते बेअरिंग फक्त कागदावरच तेथे पोहोचू शकत होते.

तुमच्या परीक्षकांनाही हेच हवे असणार. शाफ्टचा सर्वांत मोठा व्यास मध्ये कुठेतरी ठेवा आणि दोन्ही टोकांकडे तो पायरीपायरीने उतरत न्या, म्हणजे प्रत्येक भाग आपापल्या टोकाकडून सरकत येऊन आपल्या पायरीला टेकेल. पायरीची उंची बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या जाडीपेक्षा कमी ठेवा. नाहीतर बेअरिंग काढायच्या वेळी पुलरच्या पकडीला धरायला कडच मिळत नाही. त्याच पायरीचे फिलेट बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा लहान असावे लागते, नाहीतर रिंग पायरीला टेकण्याऐवजी फिलेटवरच अडते. म्हणजे फटीगला मोठे फिलेट हवे आणि बेअरिंगला लहान. ही ओढाताण टाळता येत नाही. मार्ग म्हणून पायरीत आत कोरलेली गोलाई देतात, किंवा मोठे फिलेट ठेवून मध्ये कडेला उतार दिलेली स्पेसर रिंग घालतात. पुढच्या वेळी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जोडणीचा क्रम एक, दोन, तीन असा लिहून जा, आणि प्रत्येक भागावर बोट ठेवून तो कोणत्या टोकाकडून आला हे स्वतःला विचारा.